समोरचा विहार, गाडीनं!

लोकहो, आज अक्षरशः शिसारी आली.

कोंडी सोडवायच्या नावाखाली आमच्या घरासमोरची डिव्हायडरमधली वाट काल बंद केली. वर ‘सुलभ वाहतूक’ असा फलक! आईचा बुद्धविहार रस्त्यापलीकडे, गॅलरीतून दिसतो. ती रोज पायीच जायची.

आता पुढच्या चौकातून वळसा घ्यावा लागतो. तिच्या गुडघ्यांना ते झेपत नाही, म्हणून मी कार काढली. विहाराच्या फाटकातून तिची मैत्रीण हात हलवत होती आणि आम्ही भलतीकडेच निघालो.

आई म्हणाली, “समोर तर दिसून राहिला विहार, मंग आपण उलटे काहून चाललो वं?”

चौकात वळणाऱ्या गाड्यांची ही रांग! तिच्यात आमचीही एक.

शी! पायी चालणाऱ्या म्हातारीला गाडीत बसवून कुठली कोंडी सोडवली, कुणी सांगेल का?