इराचा वाटा

इरा, ओम, तुमची करंजाची आजी गेली ही बातमी मला तुमच्या बाबांनी तिकडून फोन करून दिली. ताराबाई करंजाला, मी जवळच पनवेलला, पण त्यांच्या दिरांनी आधी मुलाला कळवलं, आणि ते रीतीला धरूनच होतं. तो गुरुवार होता. मी टेबल पुसून, पत्त्यांचा डबा काढून त्यांचीच वाट पाहत होते...

गुरुवारी ताराबाईंच्या मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या गुरुवारी यायच्या. राक्षस-योद्ध्यांच्या पत्त्यांचा तुमचा डबा तुम्ही इथे ठेवून गेलात, तेव्हापासून आम्ही तिघं खेळत होतो: त्या, मी आणि तुमचे आजोबा. विहिणींनी एकमेकींशी काय बोलायचं, हा प्रश्न आम्हाला तुमच्या आईबाबांच्या लग्नापासून पडलेला होता. पत्त्यांनी तो सोडवला.

नियम तुमचेच. दुकानातून नवे पत्ते आणायचे नाहीत. डब्यात आहेत तेवढ्यांचेच वाटे करायचे, आपल्या वाट्यातूनच आपला डाव रचायचा आणि बाकीच्यांचे प्राण संपवायचे. तुम्ही सुट्टीत इथे होतात तेव्हा, अगदी पहिल्यांदा मी रंगांप्रमाणे गठ्ठे केले होते. एकाला सगळे राक्षस, एकाला नुसत्या ढाली. ताराबाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "विहीणबाई, असा वाटा लावला तर गिऱ्हाईक टोपली उलटी करंल!" मग त्यांनी बाजारात मासळीचे वाटे लावतात तसे पत्ते मांडले. प्रत्येक वाट्यात एक मोठा, दोन-तीन मधले, बाकी बारीक. लावणारीने शेवटी उरलेला वाटा घ्यायचा. त्या दिवसापासून वाटे लावायचा मान त्यांचा झाला.

मे महिन्यात तुम्ही निघालात, त्याआधीचा डाव आठवतो ना? इरा, तू तुझा सगळ्यात मोठा पत्ता, अग्निगरुड, सुरुवातीलाच टेबलावर मांडलास, आणि ओम, मी, ताराबाई, तिघांनीही तुझ्यावरच हल्ले केले. चौघांच्या खेळात हे होतंच. जो मोठा दिसतो त्याच्यावर बाकीचे एक होतात. तू पत्ते फेकलेस आणि ताराबाईंना म्हणालीस, "आजी, तू मला मुद्दाम वाईट वाटा दिलास!" आणि निघताना तू त्यांच्या पाया पडली नाहीस. तुला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. पण जिने आयुष्यभर बंदरावर वाटे लावले, तिला हे बोलणं लागतं, एवढं तुला माहीत असावं.

तुझे पत्ते त्यांनी डब्यात परत टाकू दिले नाहीत. रबर बँड लावून ठेवले आणि पुढच्या गुरुवारपासून तोच वाटा स्वतः खेळायला घेतला. "बगूया, पोर खरी का मी खरी." गरुड लपवून खेळल्या. आम्हा नवराबायकोला एकमेकांवर सोडून गप्प बसून खेळल्या. आजोबांशी तह केला.

"व्याही, आज विहीणबाईंना पाडा, तुमाला हात लावणार नाय."

"आणि मग चहा कोण देणार मला?" आजोबा म्हणाले. तह तिथेच मोडला.

गणपती आले, गेले. त्या वाट्यावर ताराबाई एकदाही जिंकल्या नाहीत. टिकायच्या शेवटपर्यंत, पण मारायची वेळ आली की हातात ढालीच.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी तुझे सगळे पत्ते उताणे मांडले आणि एकेका पत्त्याचा मार, म्हणजे हल्ल्याचं बळ, बोटांवर मोजलं.

"नाय विहीणबाई. वाटा हलकाच हाय. मी नग बगितले, मार नाय बगितला. पोर खरं बोलली."

"मग फोन करून सांगा तिला," मी म्हटलं.

"फोनवर कशाला? येल ना दिवाळीला. समोर बसवून सांगते."

मग मेच्या त्या डावात स्वतःच्या वाट्याला आलेला समुद्रनाग त्यांनी डब्यातून काढला. त्यांचा सगळ्यात जड पत्ता. वाटा हलका वाटला की गिऱ्हाइकाला वर एखादी मासळी टाकावी, तसा तो तुझ्या वाट्यावर ठेवला, आणि वरून रबर बँड लावला.

मला सगळं जागच्या जागी लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. परवा मी डबा आवरला, पत्ते पुन्हा रंगांप्रमाणे लावले. कोणी हसलं नाही. रबर बँडचा गठ्ठा मात्र टेबलावर त्यांच्या जागी तसाच आहे. इरा, दिवाळीला आलीस की तो तू घे. आणि समुद्रनाग लगेच बाहेर काढू नकोस.