चाळीस मिनिटांचा थांबा

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि रुख्माचं दुसरं पोतं चाळून होत आलं होतं. कोहमाऱ्याच्या चौरस्त्यावर, चहाच्या हाटेलामागच्या छपरीत ती धावड्याच्या लाकडाचा कोळसा फोडत बसली होती. मोठा तुकडा दगडावर ठेवायचा, हातोडीने लिंबाएवढा करायचा, भुकटी चाळून टाकून द्यायची. भुकटी मोटारीच्या भट्टीत गेली तर नळ्या चोंदतात. गोंदियाहून साडेसहाला सुटलेली मोटार नऊला इथे येई, कोळसा भरून घेई आणि नऊ-चाळीसला देवरीकडे निघे.

मोटार कोळशावर चाले, कारण पेट्रोल नव्हतं. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तरी गोंदियाच्या पंपावर कुपनाशिवाय थेंब मिळत नव्हता, आणि कुपन हातात असलं तरी पंपात पेट्रोल असेलच असं नव्हतं. म्हणून मालकाने गाडीच्या पाठीला पुरुषभर उंचीची लोखंडी भट्टी जोडून घेतली होती. तिच्यातल्या कोळशाच्या वायूवर इंजिन चाले. पेट्रोल दोनच कामांना लागे, इंजिन सुरू करायला आणि मासुलकसाच्या घाटातल्या शेवटच्या चढाला. तेवढं ड्रायव्हर एका बाटलीत जपून ठेवी. उतार लागला की तो इंजिन बंद करी, चढ लागला की उतारूंना खाली उतरवी. काही ड्रायव्हर पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळत आणि महिन्याभरात इंजिन खोलून बसत. हा त्या वाटेला गेला नाही.

हा म्हणजे सुखराम, रुख्माचा नवरा.

बिरसीला लढाईच्या दिवसांत विमानपट्टी झाली, तेव्हा मुरमाच्या लॉरीवर तो गाडी शिकला. लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यात झालं. तेव्हापासून तो गोंदियाला, मालकाच्या गॅरेजात झोपायला. ती कोहमाऱ्याला, सासू आणि धानाच्या चार बांध्या सांभाळायला. सणावाराला गाड्या भरून जातात, म्हणून सणाची सुट्टी त्याला कधीच नव्हती. इतक्या वर्षांत तो किती रात्री घरी झोपला असं कुणी विचारलं असतं, तर रुख्माने बोटांवर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

गाडीला भट्टी आली आणि दोघांना रोजची चाळीस मिनिटं मिळाली. राख ओढून कोळसा भरायला वीस मिनिटं जात. मग क्लीनर दुधराम हातपंखा फिरवून भट्टी फुलवी, तोवर सुखराम छपरीत बसून जेवे. बोलणं म्हैस कितीक दूध देते, सासूचे गुडघे कसे आहेत, एवढंच. कोळसा फोडायचं काम रुख्माने स्वतः मागून घेतलं होतं. गावातल्या बायांना वाटलं, मजुरीसाठी.

मागच्या कार्तिकात गावची मंडई होती. झाडीपट्टीत मंडईला लेकी-जावई येतात, बाहेरगावी कामाला असलेले पुरुष घरी येतात. दिवसा बाजार भरतो, रात्री दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ रंगतो. सुखराम एकाही मंडईला घरी नव्हता. त्या सकाळी रुख्माने एका पोत्यावर दोन तांबे पाणी ओतलं.

तिने मनात धरलं होतं ते साधं होतं. ओला कोळसा पेटत नाही. गाडी चौरस्त्यावर अडेल, उतारू दुसरी सोय पाहतील, ड्रायव्हर घरी येईल. कोळसा तिला ठाऊक होता, भट्टी ठाऊक नव्हती. भट्टी खालून जळते आणि कोळसा वरून पडतो. दुधरामने तिचं पोतं वर ओतलं तेव्हा खालचा थर लालभडक होता. वायू धरला का ते पाहायला त्याने नळीच्या तोंडाशी काडी धरली, निळी ज्योत उभी राहिली आणि नऊ-चाळीसला गाडी गेली. ओला कोळसा खाली उतरला तो घाटाच्या पायथ्याशी, आणि गाडी तिथेच बंद पडली. उतारू पायीच घाट चढून गेले. सुखराम आणि दुधराम गाडी राखत रानात राहिले. दुपारी चारची परतीची गाडी आली नाही, तेव्हा रुख्माला आपण काय केलं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडी घाटाकडून परत आली. आधी दुधराम उतरला.

"वैनी, आमची मंडई मासुलकस्याले झाली. एक अस्वल पाहुनी आली होती. दंडार नाई केली तिनं, तेवढंच बरं."

सुखराम हसला नाही. त्याने भरलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि काढला.

"काल कोळसा ओला होता."

"दव पडलं असंन जी."

"एकाच पोत्यावर?"

तिने हातोडी उचलून पुढचा तुकडा दगडावर ठेवला.

"काऊन केलं वो असं?"

"मंडई होती."

"मले सांगाचं होतं."

"सांगितलं असतं तं थांबले असते?"

त्याने विचार केला. "नाई," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

त्या दिवसापासून कोळसा भरण्याआधी तो प्रत्येक पोत्यात हात घालून पाही. रुख्माला त्याचा राग आला नाही. पोतं तपासायला तो तिच्या शेजारी बसे.

आता होळी होऊन गेली होती, रानात मोहफुलं पडत होती. गाडी नऊला आली. सुखराम पोत्यांकडे वळलाच नाही, थेट छपरीत येऊन जेवायला बसला. पाहताच तिला कळलं की तो खुशीत आहे.

"मालकाले पेट्रोलचा पुरा कोटा भेटला. आज सांजेले भट्टी काढून राहिलेत. उद्यापासून पेट्रोल."

"खरं?"

"खरं. डोस्कं नाई दुखे आता. घाटात बुढ्या मानसाले खाली उतर म्हनाचं काम नाई."

दोन हिवाळे तो काळं खोकत होता. भट्टीच्या वायूने त्याचं डोकं असं ठणके की कधीकधी तो ताटावरच डोळे मिटून बसे. हे तिने रोज पाहिलं होतं, त्यामुळे भट्टी जाते याचं तिला वाईट वाटलं असं म्हणायचीही सोय नव्हती.

"मंग इथं थांबा कितीक?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं."

"अन् जेवन?"

सुखरामचा हात भातात थांबला. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आत्ताच आली, हे तिला दिसलं.

"डबा दे," तो म्हणाला. "देवरीले खाईन." आणि मग, दर वर्षी विचारायचा तेच, "गोंदियाले चालतं का?"

"अन् बुढीले कोन पायते? बांध्या कोन करते?"

"हो. ते हाये."

दुधरामचा पंखा फिरत होता. बाकावरचा एक व्यापारी ओरडला, "ड्रायवर साब, घरवाली से बात हो गई हो तो चलें?"

लोक हसले. दुधराम म्हणाला, "शेठ, आज दम धरा. उद्यापासून पानी पेवालेही नाई थांबत आमी."

नळीच्या तोंडाशी ज्योत लागली, सरळ आणि निळी. दुधरामने हाक दिली. सुखराम उठला नाही. त्याने रुख्माकडून आणखी भात मागून घेतला, भूक नसताना, आणि सावकाश खाल्ला. ती वाढत होती. गाडी नऊ-पंचावन्नला सुटली.

पेट्रोलवर गाडी लवकर पोहोचते. उद्या ती कोहमाऱ्याला आठ-पंचवीसला येईल आणि साडेआठला सुटेल. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डबा त्या बाजूच्या खिडकीतून द्यायचा आहे.