प्रोजेक्टरची जुळणी

माझ्या वडिलांचा भिवंडीत व्हिडिओ हॉल होता. शिफ्ट सुटली की कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं तिथं पिक्चर बघायला यायची. छताला टांगलेल्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये तीन ट्यूब होत्या: लाल, हिरवी आणि निळी. तिन्हींची चित्रं पडद्यावर एकावर एक नेमकी बसली, तरच माणसाचा चेहरा माणसासारखा दिसायचा. ती जुळणी बाबांसारखी कुणालाच जमत नाही, असं लोक म्हणायचे. बाबाही म्हणायचे.

घरोघरी सीडी प्लेयर आले आणि गर्दी ओसरली. त्यातच निळी ट्यूब अंधुक झाली. नवी मिळत नव्हती. शेलार गावातल्या एका बंद पडलेल्या हॉलमधली ट्यूब बाबांनी काढून आणली आणि दोन दिवस खपून बसवली.

गुरुवारी दुपारी मी अंजूरच्या घरून डबा घेऊन गेले, तेव्हा पडद्यावर जुळणी तपासायची उभ्याआडव्या रेघांची जाळी होती आणि बाबा रिमोट दाबत होते.

"न्हाय जुळत, बाय. बघ, दोन-दोन रेघा हायेत."

मला तर एकेकच दिसत होती, स्वच्छ पांढरी. "जुळलंय की, बाबा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी गप्प बसले. ते निळ्या रेघा सरकवत राहिले.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून हॉल बऱ्यापैकी भरला. पिक्चर सुरू झाला आणि प्रत्येक चेहऱ्याशेजारी दुसरा निळा चेहरा उभा राहिला. "चाचा, ये क्या लगाया है?" कुणीतरी ओरडलं. बाकीचे हसले. मग एकेक जण उठून गेला.

रिकाम्या हॉलमध्ये बाबा खुर्चीवर बसून होते. मी विचारलं, "बाबा, दारावर बल्ब किती हायेत?"

"दोन."

मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. "आता?"

त्यांनी माझा हात बाजूला केला, पुन्हा डोळ्यावर ठेवला. मग म्हणाले, "एक."

पंधरा दिवसांपासून त्यांना रस्त्यावरही सगळं दोन-दोन दिसत होतं. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "हितं तरी मशीनचाच दोष असंल."

साखर वाढल्यानं डोळ्याची नस कमजोर झाली होती. डॉक्टरांनी औषध दिलं, एक डोळा झाकून ठेवायला सांगितला. बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला. ते सांगत गेले तशी मी जुळणी केली. ती बरी जमली, पण गेलेली माणसं परत आली नाहीत. पाऊस संपायच्या आत हॉल सुताच्या गोण्या ठेवायला भाड्यानं गेला.

काही महिन्यांनी बाबांची नजर सुधारली. डॉक्टर खूश होते. "आता सगळं एकच दिसतं ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. "आता नीट दिसून जुळवायचं काय?" म्हणाले. घरी जाऊ या म्हटलं, तरी उठेनात. त्या गुरुवारी मी गप्प बसायला नको होतं, हे मी त्यांना सांगणार होते. तेव्हाही नाही सांगितलं.