पत्र्यातलं भोक

जुन्या इंदूरमधल्या आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याला खिळ्याएवढं भोक होतं. त्यातून उतरलेला उजेडाचा गोल ठिपका दिवसभर डब्यांवरून, ओट्यावरून सरकत राहायचा. भोक गोल म्हणून ठिपका गोल, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी मी ऑफिसचं काम घरूनच करत होते आणि भर सकाळी सूर्यग्रहण आलं. ग्रहण आत येऊ नये म्हणून आईने दारं-खिडक्या लावल्या, दह्यात तुळशीचं पान टाकलं. "काय फालतूपणा!" म्हणत मी अंधारात चडफडत बसले. आणि ओट्यावरचा ठिपका एका बाजूने कुरतडल्यासारखा दिसू लागला. खोली बंद होती म्हणूनच इतका स्पष्ट दिसला.

रेल्वेतून रिटायर झालेले बाबा हसले. "बेटा, भोक तर वाकडंच आहे. खिळा मीच उपटला होता. गोल होता तो सूरज."

आता विश्वाबद्दल काही वाचलं की मला तीच खोली आठवते. बाहेर जाऊन बघता येत नाही. आत आलेल्या चिमूटभर उजेडावरून अंदाज बांधायचा आणि तो खोटा पाडणाऱ्या ग्रहणाची वाट बघायची.

त्या दिवशी ठिपका सरकत दह्याच्या भांड्यापाशी पोचला, तशी आईने घाईने मध्ये हात धरला. चंद्रकोरीसारखा सूर्य तिच्या तळहातावर उतरला. आता ती दचकून हात मागे घेणार, असा माझा अंदाज होता.

तोही चुकला.