यवतमाळात पुस्तक कसं खपवावं

प्रकाशनाच्या धंद्यात पुस्तकं साठतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किस्सेही साठतात, हे कुणी आधी सांगत नाही. पुस्तकांना निदान वाळवी लागते, किस्से वर्षागणिक वाढतच जातात. ऑफिसात चहाला आलेला प्रत्येक जण दोनतीन किस्से फुकट घेऊन जातो. पुस्तक मात्र "पुढच्या खेपेला नेतो" म्हणून टेबलावरच ठेवतो!

यवतमाळातलं आमचं छोटंसं प्रकाशन म्हणजे मी आणि गजानन. मी मजकूर बघते, गजानन मार्केटिंग बघतो. आधी तो बियाण्याच्या कंपनीत सेल्समन होता. "ताई, कपाशीचं बी विकलं म्या, पुस्तक का चीज हाय?" असं म्हणत तो आला. बी निदान उगवतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं.

*

बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंचा कवितासंग्रह आम्ही काढला. प्रकाशन समारंभ रविवारी, आणि शनिवारी संध्याकाळी प्रेसवाल्याचा फोन: "बाइंडिंग राह्यलं."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. गजाननने जुन्या कंपनीची एक पुस्तिका चमकीच्या कागदात गुंडाळली. "पाहुण्याईले फक्त रिबन सोडाले लावू. आतमधी कोण पाह्यते?"

पाहुण्यांनी पाहिलं. कागद फाडून माइकवर मोठ्यानं वाचलंही, "सोयाबीनवरील कीड आणि तिचे नियंत्रण."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. पाहुण्यांनी पुस्तिका मिटली आणि ते वीस मिनिटं बोलले. "समाजाला लागलेली कीड या कवयित्रीनं नेमकी हेरली आहे!"

सगळ्यात जास्त टाळ्या बाईंनीच वाजवल्या. संग्रहाचं नाव बदलता येईल का, असंही त्यांनी नंतर हळूच विचारलं.

*

आमचे सगळ्यात उत्साही लेखक वानखडे सर. निवृत्त मुख्याध्यापक, जाडजूड आत्मचरित्राचे धनी. गजानन त्यांना रोज व्हॉट्सॲपवर मार्केटिंगच्या नवनव्या 'संधी' पाठवतो. त्यातलीच एक म्हणजे 'लेखकांनो, आपला वाचक ओळखा' हे वेबिनार.

कोट घातलेला ट्रेनर स्क्रीनवरून विचारता झाला, "सर, तुमचा टार्गेट रीडर कोण?"

"माहा जावई," सर ताबडतोब म्हणाले. "त्याले सांगतलं, पुस्तक पुरं वाचल्याबिगर घरी येऊ नको."

"वा! मग?"

"मंग काय, दोन वर्ष झाले. नाई आला."

*

दुसरी संधी पुरस्काराची. राज्यस्तरीय! सरांनी आत्मचरित्राच्या पाच प्रती रजिस्टरनं पाठवल्या. महिन्याभरात पत्र आलं. सर ते घेऊन धापा टाकत ऑफिसात आले, पेढेही आणले.

पत्रात लिहिलं होतं: 'आपल्या साहित्यकृतीची परीक्षकांनी एकमताने निवड केली आहे. कृपया साहित्यकृतीचे नाव व प्रकार त्वरित कळवावा.'

मी पत्र परत दिलं. गजाननने दुसरा पेढा घेतला. "सर, प्रकार कादंबरी लिहा. तिच्यात कॉम्पिटिशन कमी असन."

*

मग ठरलं की वाचकाच्या दारात जायचं. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात आम्ही टेबल मांडलं. गजाननने बॅनर लावला: 'लेखकाची सही मोफत मिळेल'. शेजारी सर, नवा पेन घेऊन.

अर्ध्या तासात रांग लागली. मला तर भरून आलं! मग पहिल्या माणसानं पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. "साहेब, हे अटेस्टेड करून द्या. तहसीलवाले लय फिरवून राह्यले."

"अहो, मी रिटायर झालो," सर म्हणाले.

"मंग शिक्का तं असनच ना घरी?"

पुस्तक एकही गेलं नाही. पुढच्या बाजाराला सर शिक्का घेऊन आले.

*

आता झरी जामणीकडचं सांगते. तिथल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, भीमाबाई नावाची म्हातारी आहे. वाचता येत नाही, पण गोष्टी एवढ्या की शेजारच्या पोडावरची पोरंही ऐकायला येतात. तिथल्या आत्राम गुरुजींनी दोन वर्षं तिच्यासमोर बसून त्या गोष्टी उतरवल्या, मराठीत आणल्या आणि आम्ही छापल्या. खरं सांगते, आमच्या यादीतलं हे एकच पुस्तक मी कुणालाही मान वर करून देते.

"ताई, लय मोठी न्यूज हाय," गजानन म्हणाला. "म्हातारीच्या हाती पुस्तक, मागं जंगल. फोटो सगळे पेपर छापतीन!"

गेलो. दुपार कलली होती. अंगणात पोरं गोळा होऊन बसलेली. भीमाबाईनं पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पदरानं पुसलं आणि गुरुजींकडे दिलं. "वाच. पयल्या पानापासून वाच."

गुरुजींनी नाव वाचलं. म्हातारी हसली. गुरुजींनी पान उलटलं आणि त्याच सुरात पुढचं वाचत गेले, "सर्व हक्क प्रकाशकाकडे राखीव. या पुस्तकातील कोणताही मजकूर प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही स्वरूपात वापरता येणार नाही."

भीमाबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं. कोलामीत काहीतरी विचारलं. गुरुजींनी खाली बघत, अडखळत अर्थ सांगितला. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितला.

गजाननने फोटोसाठी उचललेला मोबाइल खिशात टाकला.

म्हातारीनं पोरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली. रागानं नाही, अगदी साधं, तलाठ्याला विचारावं तसं.

"बाई, पोट्टे बसून राह्यले. मंग आज गोष्ट सांगू का नको?"