उपाशी कुंड्या

पीएचडीच्या शेवटच्या वर्षी मी घराच्या गच्चीवर कुंड्यांत गवत वाढवत होते. चौबे कॉलोनीतले शेजारी विचारायचे, गाय घेताय का? तसा प्रश्न गाईचाच होता. कुरणावर किरणोत्सारी धूळ पडली, तर तिच्यातलं सीझियम मातीतून गवतात चढतं, गवतातून दुधात आणि तिथून पोरांच्या पेल्यात. मुळांना सीझियम आणि पोटॅश यांतला फरक नीट कळत नाही. पण मातीत पोटॅश भरपूर असलं, की ती सीझियम कमी घेतात. आमच्या इकडच्या मातीत ते किती कमी होतं, एवढंच मला बघायचं होतं. खरं किरणोत्सारी द्रव्य घरी कोण आणू देणार! कुंड्यांत त्याचंच निरुपद्रवी भावंड, साधं सीझियम, घातलं होतं. आठ कुंड्यांना पोटॅश, आठांना काहीच नाही.

पाणी घालायचं काम बाबांकडे होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर खुर्चीत बसून असायचे, दाढीसुद्धा करत नसत. कुंड्या आल्या आणि ते सकाळी सहालाच गच्चीवर जाऊ लागले.

कापणीच्या तोंडावर एकदा चहा पिताना ते सहज म्हणाले, "त्या पिवळ्या पडलेल्या चार कुंड्याइले मी बंबातली राख टाकली होती. उपाशी दिसून राहिल्या होत्या बिचाऱ्या."

माझं डोकंच फिरलं. राखेतही पोटॅशच असतं! "काहून टाकली बाबा? माझं सारं वर्ष पाण्यात गेलं!" मी आणखीही नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ते वर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दाढी वाढू लागली, तशी मला माझीच लाज वाटायला लागली.

मग जिन्यातल्या कॅलेंडरवर त्यांचं अक्षर दिसलं. कुंडीचा नंबर, तारखेच्या चौकटीत 'राख, एक कप'. रेल्वेची सवय! म्हणून त्या चार कुंड्यांचं गवत वेगळं तपासता आलं. त्यातलं सीझियम जवळपास पोटॅशच्या कुंड्यांइतकंच कमी निघालं. माझे गाईड सर म्हणाले, राखेचा प्रयोग आता रीतसर करा.

मी बाबांसमोर जाऊन बसले. "चुकलं माझं. या खेपेले राखेची रांग तुमची."

"हव," ते म्हणाले. मग विचारलं, "अन् त्या बाकीच्याइले याही वेळी काहीच नाही?"

"काहीच नाही, बाबा. त्यांच्यामुळेच तर फरक कळते."

आता ते रोज दाढी करून वर जातात. परवा मी हळूच मागे गेले. सगळ्यांना पाणी घालून ते त्या उपाशी कुंड्यांपाशी थांबले होते आणि त्यांना समजावत होते, "रागावू नका बाई, आमच्या पोट्टीचं काम आहे."