पळीचोच्या

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तळ्याच्या कडंला म्हशीसाठी गवत कापलं, ते. दुष्काळ सरून चार वर्षं झाली होती. तुळशीचं लगीन उरकलं तरी त्या साली पाऊस हटत नव्हता. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कापत होतो. मध्येच ती विळा टाकून उभी राहिली.

"आवं, पळीचोच्या."

मी मान वर केली. पावसात लांब काहीतरी पांढरं दिसलं.

"बगळा हाय त्यो. भारा बांध."

"बगळ्याची चोच टोकदार असती. ह्याची म्होरं पळीवानी चपटी हाय. आमच्या तळ्यावर यायचा."

तिचं माहेर साताऱ्याकडं, माण तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात तिथलं तळं आटलं आणि हे पाखरू यायचं थांबलं. आमच्या इस्लामपूरच्या बाजूला ते कुणी बघितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तुला काय, समदं माहेरच दिसतंय हितं." तिनं विळा उचलला. भारा डोक्यावर घेऊन माझ्या मागनं आली.

घरी आल्यावर तिला हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी छाती घरघरायला लागली. डॉक्टरनं सुई टोचली, म्हणाला सांगलीला न्या. ओढ्याला पाणी, एसटी बंद. बैलगाडीत घालून ओढ्यापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. तिच्या भावाला निरोप धाडला.

चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तुमी एकदा जाऊन बघून या. मी खोटं बोलले न्हाई."

"बरी हो. दोघं जाऊ."

"आजच जावा."

खोळ घेतली आणि निघालो. वारं तोंडावर पाणी मारत होतं. तळं गावाबाहेर, देवळाच्या पुढं. देवळापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. मी पाखरू बघत बसायचं आणि तिकडं हिचा जीव जायचा, हेच डोक्यात. वळचणीला जरा उभा राहिलो, माघारी फिरलो.

"हाय का?"

"हाय."

"चोच कशी चालवत हुता?"

मला काय ठाऊक. म्हणालो, "पाण्यात खुपसत हुता."

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. "बगळाच बघितला तुमी," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. पाणी दिलं ते प्याली. दुपारी गेली.

तिचा भाऊ छातीभर पाण्यातनं ओढा उतरून आला, तवा तिला बाहेर काढली होती. सरणावर पत्रे धरून कसंबसं उरकलं.

आमच्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच राख सावडतात. भावकी मसणवाटेला निघाली आणि मी तळ्यावर गेलो. पाऊस होताच. बांधावर बसलो. पांढरं दिसेल ते बघत होतो. बगळे, बगळे आणि बगळे. लव्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. तिथंही काही नाही.

मागनं तिच्या भावानं हाक मारली. "दाजी, लोक खोळंबल्यात. हितं काय करताय?"

"पळीचोच्या बघतोय. त्यो चोच कशी चालवतो, पाव्हणं?"

तो पाण्याच्या काठाला आला. मग हात पुढं करून आडवा फिरवला, हिकडनं तिकडं, गवतात विळा चालवावा तसा. "अशी. खुपसत न्हाई कवा. ल्हानपणी आक्काच दाखवायची आमाला."

त्यानं मला दंडाला धरून वर काढलं.

मसणवाटेत मला पुढं घातलं. पत्रा उचलला. राख भिजून खाली बसली होती. हातात पाण्याचा तांब्या दिला. मी सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं म्हणालो, "काल मी तळ्यावर गेलो न्हवतो. देवळापासनंच माघारी आलो."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी हळू म्हणालं, "पाणी घाला आता."

मी घातलं.